दोनशे सोळा मीटरवरचं पेव

रहीमभाई, शुक्रवारी तुम्हाला माती दिली. तीन मुठी टाकायच्या असतात, असं तुमच्या मेहुण्यांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं. मी तीन टाकल्या आणि मागे सरलो. परतताना ते म्हणाले, "साहेब, तुमचा नि भाईजानचा लई घरोबा होता, न्हाई का?" मी म्हणालो, "बावीस वर्षांचा." आकडा बरोबर होता. मला कोणी विचारलं की मी बरोबर आकडा सांगतो आणि त्याच्यामागे जे असतं ते तिथेच राहू देतो. माझी ही खोड तुमच्याइतकी कोणाला ठाऊक नव्हती.

तुमचं वय, नोकरीची वर्षं, मागे कोण कोण राहिलं, हे सगळ्यांना माहीत आहे. ते मी लिहीत नाही. मला आपल्या दोघांतलं बोलायचं आहे, आणि त्यातलं निम्मं तुम्ही असताना बोलायला हवं होतं.

तुम्ही बांधकाम खात्याचा आठ टनी रोलर चालवायचात, मी त्याच खात्यात ओव्हरसिअर. अंबड रस्त्यावर माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि माझ्याकडे अंतर मोजायची नवी कोरी टेप होती. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला म्हणालात, "साहेब, बूट काढा."

"का?"

"काढा तर. बुटाला काय कळतंय?"

मी काढले. नुकत्याच दाबलेल्या मुरमावरून तुम्ही मला वीस पावलं चालवलंत आणि विचारलंत, "कुठं नरम लागलं?" मला कुठंच लागलं नाही. तुम्ही पहार उचललीत आणि बाराव्या पावलाच्या जागी मारलीत. ती वीतभर आत गेली. खडी वाहणाऱ्या बायका डोईवरच्या पाट्या सावरत हसल्या. त्यातली एक म्हणाली, "नवा साहेब नापास!"

मी त्या दिवशी रागावलो होतो. पण नंतर शिकलो. आजही नव्या भरावावर मी अनवाणी चालतो आणि पाय जिथे अडखळतो तिथे खोदायला लावतो. दोन पुलांचे भराव त्यामुळे वेळेत दुरुस्त झाले. वरिष्ठांनी माझं कौतुक केलं, तेव्हा ही विद्या कोणाची हे मी सांगितलं नाही. कोणी विचारलं नव्हतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. हजारो माणसांच्या हाताला काम द्यायचं होतं. तेव्हा हुकूम आला की फवारणीच्या विमानांसाठी एक धावपट्टी करा. कापसावर आणि संकरित ज्वारीवर औषध मारायला एका खासगी कंपनीची छोटी विमानं येणार होती. एकाच माणसाला बसायची जागा आणि पुढे औषधाची टाकी. जागा ठरली एका गावच्या गायरानावर. गावाचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्या माणसांचा दोष नव्हता. लांबी सातशे पन्नास मीटर, रुंदी तीस. तीन महिने माणसांनी हातांनी ती जमीन सपाट केली आणि मे महिन्यात तुम्ही रोलर घेऊन आलात.

पहिल्याच फेरीला तुम्ही रोलर थांबवलात. इंजिन बंद केलंत, खाली उतरलात आणि पहार उभी सोडलीत. मग दहा पावलं मागे जाऊन तिथेही सोडलीत. "ऐका साहेब. तिथं ठक् आणि इथं धब्. इथं खाली पोकळ हाय. पेव असंल."

ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे पूर्वी ज्वारी जमिनीखाली साठवायचे. वर माणूस उतरेल एवढंच तोंड, खाली खोलीएवढं पोट, तोंडावर शिळा आणि शिळेवर माती. वरून ओळखू येत नाही, येऊ नये अशीच रीत होती.

मी टेप लावली. पश्चिमेच्या टोकापासून दोनशे सोळा मीटर, मध्यरेषेच्या डावीकडे चार. मी तुम्हाला म्हणालो, "नियमाप्रमाणे दर साठ मीटरवर चाचणीचा खड्डा घेतलाय. एकशे ऐंशीला घेतला, दोनशे चाळीसला घेतला. दोन्हीकडे कठीण मुरूम लागला."

"पेवाला नियम ठाऊक न्हाई साहेब. इथं एक खड्डा घ्या."

मी खड्डा घेतला नाही, पण चौकशी केली. दुसऱ्या दिवशी चावडीत गावकऱ्यांना बोलावलं, शेजारी तलाठ्याला बसवलं आणि मोठ्यानं विचारलं, "गायरानावर कुणाचं पेव आहे का?" सगळे म्हणाले, "न्हाई." मी लिहिलं, "ग्रामस्थांकडे चौकशी केली. पेव नाही." खाली पाच अंगठे घेतले.

बाहेर आल्यावर तुम्ही डोक्याला हात लावलात. "साहेब, लेव्हीचे दिस हायत. सरकार ज्वारी उचलून राह्यलं, तुमी तलाठ्याला मांडीला मांडी लावून बसवता अन् पेव कुठंय इचारता. कोन सांगंल? मी असतो तर मीबी न्हाई म्हनलो असतो. एकेकट्याला इचारा, बिडी द्या, मंग सांगतील."

मी म्हणालो, "अंगठे घेतलेत."

"अंगठा खरंच बोलतो असं कुठं लिवलंय?"

तिसऱ्या फेरीला तुम्ही परत थांबलात आणि परत सांगितलंत. कामाच्या शेवटच्या दिवशी तिसऱ्यांदा सांगितलंत. तेव्हा मी चिडून विचारलं, "रहीमभाई, आवाजाचं माप काय लिहू? किती मीटर आवाज?" तुम्ही म्हणालात, "माप नका लिवू. लिवा की रहीमला इथं पोकळ लागलं. बस." मी लिहिलं नाही. उद्घाटनाचा दिवस ठरला होता. तुम्ही त्या जागेवर आठच्या जागी अकरा फेऱ्या मारल्यात, पेव बसायचं असेल तर आताच बसू दे म्हणून. ते बसलं नाही. मेमधली आमच्याकडची जमीन दगडासारखी असते. मापवहीत मी फेऱ्या लिहिल्या आठ, कारण अंदाजपत्रकात आठ होत्या.

पहिलं विमान उतरलं तो दिवस तुम्हाला फार आवडायचा. सगळं गाव पट्टीच्या कडेला उभं होतं. विमान टेकलं, उडालं, पुन्हा टेकलं, पुन्हा उडालं. तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "मोजा साहेब, तीन उड्या. हे तर टोळासारखं करून राह्यलं." चौथ्यांदा टेकलं तेव्हा टायर फुटलं आणि विमान पट्टी सोडून बाभळीच्या झुडपात घुसलं. पायलट काटे उपटत बाहेर आला आणि आपला पाहुणा असल्यासारखा सगळ्यांना नमस्कार करत सुटला. पुढच्या हंगामात दुसरं एक विमान पट्टीच्या शंभर मीटर अलीकडेच ज्वारीत उतरलं. तो पायलट चिडून विचारत होता की पट्टी आखूड कोणी केली. मी त्याला टेप लावून दाखवली. सातशे पन्नास भरली. तुम्ही पोट धरून हसलात. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. माझी टेप खरी ठरली होती.

चौऱ्याहत्तरचा पाऊस चांगला झाला. सप्टेंबरात पट्टीला चर पडले म्हणून आपण दोघं दुरुस्तीला गेलो. सकाळची वेळ. फवारणी करून, टाकी रिकामी करून विमान परत येत होतं. या वेळी ते अलगद टेकलं. मी मनात म्हणालो, आजवरचं सगळ्यात सरळ उतरलं. आणि पळता पळता त्याचं डावं चाक जमिनीत गेलं. आधी नाक खाली गेलं, मग शेपटी वर आली आणि ते उताणं पडलं. आवाज मोठा झाला नाही. पत्र्याची कोठी कलंडावी एवढाच.

मी टेप हातात धरून उभा राहिलो. तुम्ही धावलात.

पायलट आसनाच्या पट्ट्यांत उलटा लटकत होता, त्याचा उजवा पाय दबलेल्या पत्र्यात अडकला होता. पेट्रोल गळत होतं. त्या वासाबरोबर दुसरा एक वास येत होता, कुबट आणि आंबूस. तो पेवातल्या जुन्या ज्वारीचा वास होता, हे मला तिथेच कळलं. पायलट हिंदीत ओरडत होता, "मुझे निकालो, आग लगेगी." तुम्ही पोटावर पडून आत शिरलात, आपला खांदा त्याच्या खांद्याखाली दिलात आणि त्याचा सगळा भार घेतलात. "बेटा, हिलो मत. मैं हूँ ना इधर." मग मला म्हणालात, "साहेब, टेप टाका अन् तो पाय धरा."

कोणाचा तरी विळा आला. तुम्ही पट्टे कापलेत. मी पत्रा धरून होतो. सुरुवातीला मी घड्याळ पाहिलं होतं आणि तो बाहेर आला तेव्हाही पाहिलं. अकरा मिनिटं झाली होती. त्या अकरा मिनिटांत तुम्ही त्याच्याशी त्याच्या आईबद्दल बोलत होतात. ती कुठे असते, मटण कसं करते. त्याचा पाय तीन ठिकाणी मोडला होता. तो वाचला.

संध्याकाळी एक म्हातारा मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, आमचंच पेव हाय ते. तुमी तलाठ्याला संगं घिऊन इचारलं. मंग कसं सांगावं? अन् रोलर फिरल्यावर तोंडच घावना." तुम्ही जवळच उभे होतात. तेव्हा तुम्ही मला एका शब्दानं टोचलं नाहीत.

चौकशी डाक बंगल्यात झाली. टेबलामागे तीन अधिकारी होते. सगळे कागद माझे होते आणि सगळे बरोबर होते. खड्ड्यांच्या नोंदी, अंगठे, फेऱ्या. शेवटी एकानं विचारलं, "रोलरवाल्यानं तुम्हाला काही कळवलं होतं का?"

मी म्हणालो, "तशी नोंद माझ्याकडे नाही, साहेब."

रहीमभाई, माझ्या बढतीच्या यादीत त्या वर्षी माझं नाव होतं. घरी दोन मुली लग्नाच्या होत्या. हे मी कारण म्हणून सांगत नाही, तेव्हा मनात काय होतं ते सांगतो आहे. आणि त्याहून वाईट गोष्ट अशी की ते वाक्य उच्चारताना मला समाधान वाटलं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

बाहेर बाकावर तुम्ही बसला होतात. "काय बोललात?"

"नोंदीत आहे तेवढंच."

तुम्ही माझ्या बुटांकडे पाहिलंत. मग म्हणालात, "मंग मी नोंदीत न्हाई."

अहवाल आला. दबाई नीट झाली असती तर पोकळी रोलरखालीच उघडी पडली असती, सबब त्या जागी दबाई अपुरी. तुम्हाला रोलरवरून उतरवलं आणि डांबराच्या पिंपांच्या कोठारावर राखणदार नेमलं. कोठार रोलरच्या शेडच्या अगदी समोर. तुमचा रोलर सोपानला मिळाला. तो भोकरदनहून बदलून आला होता, त्याला अहवालापलीकडे काही माहीत नव्हतं. तो रोज सकाळी हाक मारायचा, "काय कच्चा रोलर, चहा घेनार का?" आणि शेड हसायची. तुम्ही पण हसायचात. मी त्या रस्त्यानं सायकलवरून जायचो आणि हे ऐकायचो. ज्या माणसानं अंबडपासून मंठ्यापर्यंत रस्ते दाबले आणि ज्याचा एकही रस्ता खचला नाही, त्याला कच्चा म्हणत होते. दोन शब्द बोललो असतो तर ते थांबलं असतं.

मला बढती मिळाली. थोरलीच्या लग्नात मांडवाची जागा तुम्हीच चोपून दिलीत, न बोलावता.

पहिली दोन वर्षं तुम्ही भेटलात की विचारायचात, "साहेब, नोंद झाली का?" मी सांगायचो की चौकशी बंद झाली, आता लिहू कुठे? एकदा तुम्ही म्हणालात, "कुठंबी लिवा. सिगरेटच्या पाकिटावर लिवा. पन सही करा." तुम्हाला रोलर परत नको होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. तुम्हाला त्या शेडमध्ये मान वर करून जायचं होतं. मी म्हणालो, "बघतो." तिसऱ्या वर्षी तुम्ही विचारणं थांबवलंत. मला वाटलं होतं, त्यानं माझी सुटका होईल. झालं उलट. तुम्ही विचारत होतात तोवर उत्तर द्यायची निदान संधी तरी होती.

खोटं बोललो असतो तर एखाद्या दिवशी कबूल करून मोकळा झालो असतो, असं मला पुष्कळदा वाटलं आहे. पण मी खरं बोललो होतो. रात्री अंथरुणावर पडून ते वाक्य मी उलटंसुलटं तपासायचो आणि मला त्यात चूक सापडायची नाही. बायको विचारायची, "कसला हिशोब चाललाय?" मी म्हणायचो, "काही नाही." तेही एका परीनं बरोबरच होतं.

पंधरा दिवसांपूर्वी तुम्हाला भेटायला आलो. तुम्ही खाटेवर होतात, श्वास लागत होता. तुम्ही विचारलंत, "मंठा रस्त्याच्या पुलावर अनवाणी चाललात का?"

"चाललो."

"काय लागलं?"

"डाव्या अंगाला नरम."

"बराबर," तुम्ही म्हणालात आणि डोळे मिटलेत. ते डाक बंगल्यातलं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तुमच्या सूनबाईंनी चहा आणला. मी चहा प्यालो आणि निघालो. दारात चपला घालायला मला फार वेळ लागला. तुम्ही झोपला होतात की नुसते डोळे मिटून होतात, हे मला कळलं नाही.

तुम्हाला माती देऊन आल्यावर मी ते लिहून काढलं. ठिकाण, अंतर, तीन वेळा सांगितलं ते, अकरा फेऱ्या, माझं डाक बंगल्यातलं वाक्य. खाली सही केली आणि सोमवारी कचेरीत नेलं. आवक लिहिणारे बाबू वाचून म्हणाले, "साहेब, पट्टी बंद पडली, तिथं ज्वारी पेरतात. फाईल बंद, माणूस गेला. हे मी आवकला घेऊ कशात? अन् तुमचंच वाटोळं व्हईल." त्यांनी कागद परत माझ्या हातात दिला. मी तो टपालानं पाठवला आहे. पुढे काय होईल ते होईल.

मंगळवारी भाभींकडे गेलो. अंगणात उभा राहून सगळं सांगितलं. त्या दाराआडून ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मेरे कू कायकू बोल रहे, भाईसाब? मेरे कू मालूम है. घर में रोज बोलते थे. जिनकू नै मालूम, उनकू बोलो ना."

म्हणून आज सकाळी आठ वाजता मी शेडमध्ये गेलो. सात माणसं होती. सोपान रोलरला हँडल मारायच्या बेतात होता. मी सांगितलं की त्या पट्टीवर खाली पोकळ आहे हे रहीमभाईंनी मला पहिल्या फेरीला सांगितलं, तिसऱ्या फेरीला सांगितलं आणि शेवटच्या दिवशी सांगितलं. मी लिहिलं नाही. त्यांची दबाई आठ नाही, अकरा फेऱ्यांची होती. डाक बंगल्यात मी त्यांना वाचवू शकत होतो, वाचवलं नाही.

सोपाननं विचारलं, "अन् हे आत्ता सांगून राह्यले?"

"हो."

"पाच वर्षं झाले साहेब."

"पाच वर्षं एक महिना," मी म्हणालो. ते तोंडातून गेलं आणि मला माझीच किळस आली.

सोपाननं हँडल उचललं. तो काहीतरी वाईट बोलेल असं मला वाटलं, बोलावं असंही वाटलं. तो म्हणाला, "बाजूला व्हा. गाडी काढायचीय."

मी भिंतीला चिकटून उभा राहिलो. रोलर सुरू झाला आणि दारात येऊन थांबला. मला ना बाहेर जाता येत होतं, ना आत. इंजिनाच्या आवाजात सोपान मागच्या माणसाकडे वळून ओरडला. मी तिथे आहे हे दोघंही विसरले होते.

"म्हंजे बुढ्याला कळल्तं."

"हौ. पहिल्याच फेरीला कळल्तं."